परतीचा माल

आमच्या पिंपळदऱ्यातून कोणतंही वाहन मोकळं घाट उतरू शकत नाही. घाटाच्या तोंडाशी, माझ्या दुकानासमोरच्या लिंबाखाली किसननाना बसलेला असतो. गाडीचा आवाज आला की तो उठतो, धोतराचा सोगा सावरतो आणि रस्त्याच्या मधोमध हात आडवा करून उभा राहतो. गाडी थांबली की आत डोकावून एकच प्रश्न विचारतो, "मोकळी चालली का?"

"हो" म्हणणाऱ्याची मग सुटका नसते. गुरांचा डॉक्टर मोटारसायकलवर येतो, तो जाताना मागच्या सीटवर हुलग्याचं गठुडं बांधून जातो. निवडणुकीत प्रचाराची जीप भोंगा वाजवत वर आली आणि खाली उतरली तेव्हा भोंग्याच्या दोन्ही अंगांना सीताफळाच्या पाट्या होत्या. उमेदवाराला पाय ठेवायला जागा उरली नाही, तो मांडी घालून बसला. मागच्या उन्हाळ्यात गावातली एक पोरगी लग्न होऊन मोटारीतून सासरी निघाली. सगळे डोळे पुसत होते. नानाने मोटार थांबवली, नवरीच्या मांडीवर तुपाची बरणी ठेवली आणि म्हणाला, "रड पोरी, मनमोकळी रड. पर बरणी सरळ धर."

किसना माझ्या बरोबरीचा. गाव त्याला नाना म्हणतं म्हणून मीही म्हणतो, पण "नाना आले, नाना गेले" असं लिहायला हात वळत नाही. ज्याच्याबरोबर मी लहानपणी बोरं पाडली त्याला अहोजाहो कसं करायचं?

तो सगळं आयुष्य ट्रकवर ड्रायव्हर होता. ट्रकवाल्याला परतीचं भाडं मिळालं नाही की त्याला चैन पडत नाही. नाना घरी बसला, ट्रक गेली, पण ती बेचैनी काही गेली नाही. बोलण्यातही तेच. पाहुणा उठला की, "परतीचं काय?" न्हाव्यानं दाढी करून धोकटी उचलली की, "परतीचं काय?" माझी बायको नेहमी म्हणायची, "हे किसनभावजी यमाला बी विचारतील, मोकळा आलास, परतीचं काय?"

ती गेली तेव्हा तिला बीडहून रुग्णवाहिकेतून वर आणलं. तिला उतरवून गाडी परत निघाली. नाना सवयीने रस्त्यावर आला. मग कडेला झाला आणि हात जोडून उभा राहिला. मोकळी गेलेली तेवढीच एक गाडी मला आठवते.

पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हाची गोष्ट सांगतो. एकेक पातं एवढं लांब की ते आणणाऱ्या ट्रेलरचं तोंड मारुतीच्या देवळाशी असायचं आणि शेपूट अजून घाटात. ड्रायव्हर दूर उत्तरेकडचा. पातं उतरवून तो लांबलचक मोकळा ट्रेलर परत निघाला आणि लिंबाखालून नाना उठला.

"खाली नै जानेका," नाना म्हणाला. निजामाच्या वेळची हिंदी त्याला बापाकडून मिळालेली. "खाली गाडी गई तो पहाड को बट्टा लगता."

ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, इसमें क्या रखोगे? ये तो हवाई जहाज जितना है."

नानाने सीताफळाच्या चार पाट्या चढवल्या. एवढ्या मोठ्या ट्रेलरवर त्या चार पाट्या ताटाच्या कडेला ठेवलेल्या मिठासारख्या दिसत होत्या. त्याने त्या दोरीने अशा आवळल्या की जणू लोखंड भरलंय. ड्रायव्हर हसत हसत गेला. दुपारी नानाच्या फोनवर त्याचा आवाज आला, "चाचा, पहुँच गया. चारों सलामत."

नानाच्या फोनचा उपयोग एवढाच. कोणता तरी ड्रायव्हर सांगतो, पोचलं. नाना म्हणतो, "बरं झालं," आणि फोन खिशात ठेवतो.

हे सगळं आज लिहायचं कारण असं की घाटात नानाच्या नावाची पाटी लागणार आहे. घाटाच्या दोन्ही कडांनी सीताफळाची झाडं उभी आहेत, ती नानाने लावली. पेपरवाला पोरगा आला, फोटो काढून गेला, नानाला "वृक्षमित्र" करून गेला. गावातले दुसरे लोक म्हणतात, कशाचा वृक्षमित्र, खालच्या व्यापाऱ्याकडून त्याला प्रत्येक पाटीमागे काहीतरी सुटतं. दोन्ही चूक आहे. माल ज्याचा त्याचा असतो. बीडच्या स्टँडवरचा एक चहावाला उतरवून घेतो आणि मालाच्या धन्याशी परस्पर हिशेब करतो. नाना त्यात कधीच नव्हता. आणि झाडांचं म्हणाल तर दारातल्या तुळशीलासुद्धा पाणी घाल म्हणून नानाला सांगावं लागतं.

तिसरंही एक दुरुस्त करायचं आहे. गावात नानाला पाठीमागे "मोकळी गाडी" म्हणतात. हे नाव मी ठेवलं. दुकानात चार माणसं जमलेली, हसू पाहिजे होतं, मी म्हणालो, "ती बघा आली मोकळी गाडी." लोक लई हसले आणि नाव चिकटलं. त्याची बायको गया वारून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. एकुलती लेक सुमन सासरी. ज्याच्या घरात बोलायला दुसरं माणूस नाही त्याला मी मोकळी गाडी म्हणालो. हे आता सुचतं, तेव्हा सुचलं नाही.

आमचा डोंगर म्हणजे मुरूम, खडक आणि वारा. पाऊस बरा झाला तर बाजरी, हुलगे, मटकी येते. नाहीतर कुसळं. सीताफळ मात्र आपोआप येतं. त्याला पाणी द्यावं लागत नाही आणि शेळी त्याच्या पाल्याला तोंड लावत नाही. वर येणाऱ्या गाड्यांत साखर, चहापत्ती, सिमेंट, औषधं, शाळेची पुस्तकं असतात. खाली काय जातं? याचा नानाएवढा विचार कुणी केला नसेल. "आपलं पाणी बी मोकळं जात न्हाई, आप्पा," तो म्हणायचा. "जाताना माती घेऊन जातं." पवनचक्क्या फिरायला लागल्यावर तो बरेच दिवस अस्वस्थ होता. "वारा आपला. वीज खाली चालली. आता तारंत कुणाला हात आडवा करू?"

एक गाडी मात्र नाना थांबवत नाही. दसरा झाला की ऊसतोडीच्या ट्रक येतात. त्या मोकळ्या येतात आणि भरून जातात. माणसं, पातेली, गोधड्या, कोंबड्या, एखादी शेळी, वर बसलेली लेकरं. नानाचा हिशेब धरला तर यासारखी गाडी नाही. पण त्या दिवशी लिंबाखालचा दगड मोकळा असतो. नाना घरात दार लावून बसतो. एकदा मी चिडवलं, "आज कावून न्हाई आलास बे? गाड्या काय गच्च भरून चालल्यात!"

"त्या भरलेल्या न्हाईत," तो दाराआडून म्हणाला. "गाव मोकळं करून चालल्यात."

ट्रक गेल्या की गाव म्हाताऱ्यांचं होतं. गुढीपाडव्यापर्यंत चुली मोजक्याच पेटतात. कुत्रीसुद्धा भुंकायचा आळस करतात.

सुमनचं लग्न तेलगावच्या बाजूला झालं. तिकडं काळी जमीन, पाणी, ऊस, कापूस. सोयरे मोठे. लग्नाला आम्ही सगळे खाली गेलतो. पंगत बसली होती, जिलबी फिरत होती. नानाचे व्याही दत्तराव मिशीला पीळ देत वाढपाची देखरेख करत होते. ते नानासमोर थांबले आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "काय व्याही, तुमच्या डोंगरावर पिकतं तरी काय? कोयते?"

कोयते म्हणजे ऊस तोडणारी माणसं. पंगत हसली. मीही हसलो. तोंडात जिलबी होती, ठसका लागला.

नाना उठला. हात धुतला. म्हणाला, "दत्तराव, ज्या दिवशी तुमी आमच्या डोंगराचं मागून खाल, त्या दिवशी तुमच्या उंबऱ्यावर येईन. तवर न्हाई." बापाचं ते बोलणं सुमनने बोहल्यावरून ऐकलं.

तेव्हापासून हे वेड. डोंगरावर माणसांशिवाय दुसरंही पिकतं हे नानाला अख्ख्या मैदानाला दाखवायचं होतं. आणि त्यातल्या एका घराला तर रोजच्या रोज. ती जबाबदारी होती मुक्कामी गाडीवर.

आमच्या गावाला एसटीची एकच गाडी. संध्याकाळी बीडहून वर येते, रात्री गावात मुक्काम करते, सकाळी खाली जाते. सीताफळाचे दिवस आले की नाना त्या गाडीतून सुमनला पिशवी पाठवायचा. झाडाखाली जाऊन, सालीवरचे डोळे उघडलेलंच फळ तोडायचा. पिशवीत तळाला कच्चं, वर पिकायला आलेलं, मधे वाळलं गवत. कंडक्टर बीडला तेलगावच्या गाडीच्या कंडक्टरकडं द्यायचा, तो फाट्यावर सुमनच्या घरच्या गड्याकडं. त्याच वाटेने पिशवी परत यायची. आणि नाना सांगायचा, "बघ आप्पा, माझी लेक पिशवी मोकळी धाडत न्हाई." पिशवीत धुऊन वाळवलेल्या काळ्याभोर बिया असायच्या.

त्या बिया नाना पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायचा आणि मिरगाला घाटाच्या कडेने पुरायचा. वृक्षमित्राची झाडं ती हीच. लेकीनं खाल्लेल्या फळाच्या बिया टाकवत नव्हत्या, दुसरं काही नाही.

सुमन क्वचित यायची. सासूचं आजारपण, उसाचा हंगाम, घरात वीस माणसं. नाना जायचा नाही. बोलून बसला होता. बापलेकीत येणंजाणं होतं ते त्या पिशवीचं.

आणि परवाच्या हंगामात डेपोनं ठरवलं की ही गाडी बंद करायची. गाव ऊसतोडीला गेलेलं. सकाळची गाडी एकदोन माणसं घेऊन खाली उतरते, भारमान नाही. कंडक्टरने बातमी दुकानात सांगितली. नाना पिशवी हातात घेऊन उभा होता. त्याने पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली.

"साहेब तपासायला कधी येणार?"

"येतील आठ-दहा दिवसांत. सांगून थोडंच येणार?"

दुसऱ्या दिवसापासून नाना घरोघर हिंडायला लागला. ज्याला दाढी करायची असेल त्यानं बीडला करायची. ज्याला चहापत्ती आणि साखर दोन्ही पाहिजे त्यानं आज चहापत्ती आणायची, उद्या साखर.

मी म्हणालो, "नाना, मग माझं दुकान कशाला हाय? गिऱ्हाईक तूच खाली धाडायलास!"

"तू बी जा की बे. तुझा माल टेम्पोनं कावून मागवतोस? गाडीनं आण."

"साखरेचं पोतं मांडीवर घेऊन येऊ?"

"नवरीनं तुपाची बरणी धरली. तुला पोतं धरंना?"

सात-आठ म्हातारी माणसं रोज खाली जायला लागली. सुरुवातीला कुरकुर झाली. मग गंमत वाटायला लागली. आयुष्यभर शेजारी राहूनही न बोललेली माणसं खिडकीशी बसून बोलायला लागली. भिवातात्या आणि त्यांचा भाऊ यांचा बांधावरून अबोला होता. गाडीत एकाच बाकावर जागा मिळाली, घाटाच्या तिसऱ्या वळणावर अबोला संपला आणि पाचव्या वळणावर भांडण सुरू झालं. ते सुद्धा लोकांना आवडलं.

साहेब आले ते बुधवारी. साध्या कपड्यात होते, पण चपलेला आमच्या घाटाची धूळ नव्हती, म्हणून सगळ्यांनी ओळखलं. गाडीत एवढी माणसं बघून ते बुचकळ्यात पडले. पहिल्या बाकावर चंद्रभागाकाकू होती.

"आजी, कुठं निघालात?"

"बीडला. वजन करायला."

"वजन? कशाला?"

"कमी झालं का बघाया. मागच्या बुधवारी बी गेलते."

"मग, कमी झालं का?"

"कसं कळावं? त्यो काटा मोडलेला हाय."

साहेबांनी मागच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही?"

"कपिलधारला. देवाला."

"आज काही आहे का तिथं?"

"देव असंल की."

शेवटच्या बाकावर गणपतबुवा बसले होते. त्यांना ऐकू कमी येतं आणि दिसतंही कमी. साहेब वाकून मोठ्याने म्हणाले, "बुवा, तुम्ही कुठं?"

बुवा बराच वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, "मला काय म्हाईत? नाना म्हणला बस, बसलो."

गाडी हसली. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला. साहेबही हसले. नाना दारात उभा होता, तो एकटा हसला नाही. त्याचा चेहरा परीक्षेत कॉपी पकडलेल्या पोरासारखा झाला होता.

साहेब खाली उतरून त्याच्याजवळ आले. "नाना, यांना तुम्ही बसवलंय."

"बसवलंय," नाना म्हणाला. "पर तिकीट काढूनशान बसवलंय."

"किती दिवस बसवाल?"

"पोरं परत येस्तोवर. पाडव्याला गाव भरतंय, साहेब. तवा तुमाला टपावर माणसं बसवावी लागत्यात. सहा महिने आमी म्हातारे गाडी राखतो. राखण करणाऱ्याला जागा द्यावी लागती का न्हाई?"

साहेब गावाकडं बघत राहिले. कुलूप लावलेली घरं दिसत होती. मग म्हणाले, "पाडव्यापर्यंत चालू ठेवतो. पण माणसं पाहिजेत. गठुड्यांचं भारमान धरत नाहीत. आणि कंडक्टर, ही बेवारस पिशव्यांची ने-आण बंद. पिशवीबरोबर माणूस पाहिजे."

"बरं," नाना म्हणाला आणि साहेब गाडीत चढताना त्यांच्या हातात सीताफळाची पाटी दिली. "पिशवीबरोबर माणूस हाय की, साहेब. तुमीच. मोकळं कावून जाता?"

गाडी वाचली. पण सुमनची पिशवी अडली. कंडक्टर चांगला होता, पण साहेबाचा शब्द त्याला मोडवत नव्हता. बीडपर्यंत कुणीही नेली असती, पण पुढे तेलगावच्या गाडीलाही तोच नियम. सीताफळं माझ्या दुकानाच्या ओसरीवर पिकायला लागली. वासाने माझं दुकान भरून गेलं. दोन दिवसांनी पहिलं फळ फुटलं. नाना ते बघत बसला होता. मी गल्ल्यावरून उठलो.

"दे इकडं ती पिशवी," मी म्हणालो. "मी जातो."

"तू? तेलगावला?"

"मी त्या पंगतीत हसलो होतो."

नाना माझ्याकडं बघत राहिला. "मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "ठसका लागला होता तुला. पाणी मीच दिलं होतं." मग पिशवी माझ्या हातात देत म्हणाला, "तळाला हात लावू नको. तळाचं अजून कच्चं हाय."

सुमनचं घर रस्त्याला लागून. मागे डोक्याच्याही वर गेलेला ऊस. मला बघून ती धावत आली. "आप्पाकाका! नाना बरे हायत ना?" पहिला प्रश्न तोच. मी पिशवी दिली. तिने आधी पिशवीलाच नाक लावलं.

मग ती मला मागच्या अंगाला घेऊन गेली. उसाच्या कडेला पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या होत्या. तिथं आमच्याच गावची ऊसतोडीची टोळी उतरली होती. सुमनने पिशवी उघडली तशी लेकरं भोवती जमली. कुणाचं कोण हे मी तोंडावरून ओळखत होतो. भिवातात्याचा नातू तर हुबेहूब तात्या, नाकासकट.

"बी गिळायची न्हाई, फेकायची न्हाई," सुमन त्यांना म्हणाली. "वाटीत टाकायची. गावाला पाठवायची हाय."

"तू खात नाहीस?" मी विचारलं.

"एखादं खाते. मला शुगर हाय, आप्पाकाका. नानांना सांगू नका. यांनी खाल्लं काय, म्या खाल्लं काय? डोंगराचंच डोंगराला."

आम्ही ओसरीवर परत आलो. खाटेवर दत्तराव बसले होते. मिशी पांढरी झाली होती आणि पीळ राहिला नव्हता. मला त्यांनी ओळखलं नाही, किंवा ओळख दाखवली नाही. सुमन चहा टाकायला आत वळली तेव्हा ते हलक्या आवाजात म्हणाले, "सुमन, डोंगरावरचं आलं का गं?"

"आलं, मामा."

"मग आण की एक. मोठं बघून आण."

तिने आणलं. दत्तरावांनी ते दोन्ही हातांनी फोडलं. मिशीला गर लागला. एकेक बी जिभेवर घोळवून ते शेजारच्या वाटीत ठेवत होते, जपमाळेचा मणी ठेवावा तसं. वाटी नेहमीची असावी.

मी सुमनकडं पाहिलं. तिने ओठावर बोट ठेवलं. मला रस्त्यापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "पहिली तीन वर्षं शिवले सुद्धा न्हाईत. मग एक दिवस म्हणाले, वास बरा येतोय. आता दिवाळीच्या आधी दोनदा विचारत्यात, डोंगराची गाडी आली का. पर मला बजावलंय, तुझ्या बापाला कळता कामा न्हाई."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"दोघांच्या मधे मी हाय ना, काका. जरा कुठं हलले तर दोन्हीकडचं सांडतं."

संध्याकाळच्या गाडीनं मी वर आलो. नाना लिंबाखाली उभा होता. पिशवी घेतली, आत हात घातला, बियांचा मूठभर ढीग तळहातावर घेतला.

मी म्हणालो, "सुमन मजेत हाय. आवडीनं खाल्ली सीताफळं."

"खोटं बोलायलास," नाना म्हणाला. "एवढी फळं एकटी पोरगी खाईल व्हय? तोंड हाय का जातं? कोपीवरची लेकरं खात्यात. मला पहिल्यापास्नं म्हाईत हाय. म्हणून तर पिशवी मोठी केली."

मग मात्र मला राहवलं नाही. सुमनचा शब्द मोडला. हे लिहितो आहे म्हणजे तिला कळेलच, ती रागावणार नाही असं वाटतं. मी म्हणालो, "दत्तराव बी खात्यात."

नानाने बियांची मूठ मिटली.

"मागून खात्यात," मी म्हणालो. "माझ्यासमोर. मोठं बघून आण म्हणाले."

गाडीचं इंजिन बंद झालं. कंडक्टर जेवायला निघून गेला. नाना तसाच उभा होता. मला वाटलं आता हा ओरडणार, जिंकलो म्हणून घाटभर सांगत सुटणार. तो हातातल्या बिया बघत होता.

"बी गिळतो का थुंकतो?" त्याने विचारलं.

"वाटीत ठेवतो. एकेक."

"दात राहिलेत का त्याला?"

"थोडे असतील."

"हं." त्याने बोटाने बिया पसरल्या. "यातल्या त्याच्या कोणत्या?"

"कसं सांगू, नाना? समद्या काळ्याच हायत."

नानाने बिया पुन्हा पिशवीत ओतल्या. एक खाली पडली होती, ती वाकून उचलली, धोतराला पुसली आणि तीही आत टाकली.

"मग मिरगाला समद्याच लावू," तो म्हणाला.

सकाळी मी दुकान उघडलं तेव्हा लिंबाखालचा दगड मोकळा होता. म्हटलं, बरं नाही की काय. तेवढ्यात मुक्कामी गाडी सुरू झाली आणि देवळाला वळसा घालून घाटाकडे आली. चंद्रभागाकाकू खिडकीशी, गणपतबुवा शेवटच्या बाकावर. आणि ड्रायव्हरच्या मागे, धुतलेलं धोतर, डोक्याला नवा पटका, मांडीवर दोन पिशव्या, पायाशी तुपाची बरणी, असा किसना बसला होता. बरणी दोन्ही पायांत सरळ धरली होती.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी दुकानातून धावत सुटलो आणि रस्त्याच्या मधोमध हात आडवा करून उभा राहिलो. ड्रायव्हरने ब्रेक मारला. मी खिडकीशी गेलो. धाप लागली होती.

"मोकळी चालली का?" मी विचारलं.

किसनाने माझ्याकडं पाहिलं. "मोकळी गाडी" हे नाव कुणी ठेवलं हे त्याला कधीपासून माहीत होतं, ते मला त्याच्या डोळ्यांत दिसलं.

"न्हाई बे आप्पा," तो म्हणाला. "भरली हाय. जाऊ दे आता."

मी बाजूला झालो.